गुत्त्यातला हरिपाठ आणि कपाटाची किल्ली

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि शेवटी चक्क शिक्षकांच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरत आला. सारांश असा: पूर्वी घरोघरी वाचन होतं, ते मोबाईलने संपवलं. सोशल मीडियावरून कोणी पुस्तकाकडे वळत नाही. शाळांनी तिथे पुस्तकं दाखवणं म्हणजे दारूच्या गुत्त्यात हरिपाठ. मुलं वाचायला हवीत तर आधी फोन काढून घ्या. परळच्या एका शाळेत मी मराठी शिकवते, आणि ग्रंथपालाची जागा रिकामी असल्याने वाचनालयही माझ्याच गळ्यात आहे. म्हणून हा खटाटोप.

घरोघरी वाचन? आमच्या चाळीत मजल्यावरच्या बारा बिऱ्हाडांत एक पेपर यायचा. वाचणारे वाचायचे, बाकीचे गॅलरीत गप्पा हाणायचे. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि आमच्या लहानपणी हेच वाक्य टीव्हीच्या नावाने ऐकू यायचं. त्याच्याही आधी तर खुद्द गोष्टीची पुस्तकंच पोरं बिघडवायची. माझे वडील भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा घालून वाचायचे आणि मार खायचे. हा मजकूर मला पहिल्यांदा त्यांनीच पाठवला, ते असो.

सोशल मीडियावरून कोणी पुस्तकाकडे वळत नाही, हे तर सरळच चूक. ‘द साँग ऑफ अकिलीस’ ही इंग्रजी कादंबरी २०११ची. दहा वर्षांनी टिकटॉकवर पोरापोरींनी ती वाचून रडतानाचे व्हिडिओ टाकले आणि २०२१मध्ये ती पुन्हा बेस्टसेलरच्या यादीत जाऊन बसली. आपल्याकडे जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आले, आणि तसली पुस्तकं त्या वाटेने इथे पोचली. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकवाल्यांकडे पुढच्या रांगेत काय मांडलेलं असतं ते एकदा बघाच.

खरं तर मजकूरवाल्यांना खोट काढायचीच होती तर इथे काढायला हवी होती, की यात मराठी कुठे आहे? तेरा-चौदाच्या मुलांसाठी मराठीत नवं फार थोडं लिहिलं जातं. बालकथा संपल्या की एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मी ‘किशोर’ मासिकाचे अंक पुढे करते. १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत, हे किती पालकांना ठाऊक आहे? ते बघायलाही फोनच लागतो.

गुत्त्याचा मुद्दा मात्र मला अर्धा पटतो. पुस्तकाच्या रीलनंतर पुढची रील कसली येईल, ते ना माझ्या हातात ना मुलाच्या. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात आणि आठवीतली काही मुलं अजून त्याच्या अलीकडेच असतात. म्हणून आम्ही ते सोडलं. गृहपाठासाठी पालकांच्या नंबरांवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच, तो धरला. मुलांनी त्यावर वाचलेल्या पुस्तकातलं थोडं सांगायचं. नियम दोनच: चेहरा दाखवायचा नाही आणि गोष्ट पुरी सांगायची नाही.

नववीतल्या एकाने, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्याने, चाळीस सेकंदांचा आवाज पाठवला. मागे कुकरच्या शिट्ट्या. भुताच्या गोष्टीतला म्हातारा जिना चढतो, दाराची कडी आपोआप सरकते, आणि हा पठ्ठ्या म्हणतो, “पुढचं पान एकोणतीस.” बस्स!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाच मुलं कपाटापुढे उभी. कपाटाला कुलूप. किल्ली कारकुनाकडे आणि कारकून निवडणुकीच्या कामावर. चार दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा एकच मुलगी आली.

कुलूप कोणी दुष्टपणाने लावत नाही. पुस्तक हरवलं तर भरून द्यायचं ज्याच्या ताब्यात त्याने, मग देतो कोण? १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी मात्र कपाट सताड उघडतं, पुस्तकं हातात धरून मुलांचे फोटो निघतात, ते वर पाठवले जातात आणि संध्याकाळी पुस्तकं पुन्हा आत. त्या फोटोंना गुत्ता म्हणालेलं मी अजून कोणाकडून ऐकलं नाही.

राहिलं फोन काढून घेणं. आमच्या बहुतेक मुलांकडे स्वतःचा फोन नसतोच. आई साडेआठला कामावरून आली की तिचा मिळतो. शिवाय मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२३च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता येत नव्हता. आकडा खेड्यांचा आहे, पण अडखळत वाचणारी मुलं माझ्याही वर्गात आहेत. त्यांचा फोन काढून हातात जाडजूड पुस्तक दिलं तर ते उशाला जाईल. मित्राच्या आवाजातली गोष्ट ऐकत पानावर बोट फिरवणं मात्र त्यांना जमतं. मजकूर लिहिणाऱ्यापुढे वाचता येत असून न वाचणारा मुलगा आहे. माझ्या वर्गात दोन्ही बसतात, कधी कधी एकाच बाकावर.

किल्लीची दुसरी प्रत दादर स्टेशनबाहेर साठ रुपयांत करून मिळाली. मुख्याध्यापिकांनी थोडं कुरकुरत परवानगी दिली. आता ती नववी ‘ब’च्या मॉनिटरकडे असते. भुताच्या गोष्टींचं पुस्तक गेला महिनाभर परत आलेलं नाही. कोणाकडे आहे ते वहीत लिहिलंय, पण तो म्हणतो त्याने ते पुढे दिलं.