म्हणे इष्टांक शिल्लक नाही!

नोकरी गेली, घरात कमावणारं कोणी नाही, केशरी कार्डावर धान्य चालू करून द्या, एवढं मागायला माणूस तहसीलच्या पुरवठा विभागात जातो. उत्तर ठरलेलं: "इष्टांक शिल्लक नाही. कोणाची नावं कमी झाली की बघू." इष्टांक म्हणजे रेशनच्या धान्यासाठी ठरवून दिलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. ती भरली, म्हणजे दुसरं कोणी मेल्याशिवाय किंवा अपात्र ठरल्याशिवाय याच्या घरात गहू यायचा नाही. डोकं फिरेल नाही तर काय!

हा इष्टांक आला कुठून? अन्न सुरक्षा कायदा २०१३ मधून. त्यात महाराष्ट्राला साधारण ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा ठरली, ती २०११ च्या जनगणनेवरून. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे प्रसिद्ध झालेल्या जनगणनेचेच आकडे धरायचे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती गेली २०२७ वर. मधे लॉकडाऊन येऊन गेला, तेल-डाळींचे भाव कुठल्या कुठे गेले, पण धान्य मिळणाऱ्यांची संख्या आहे तिथेच.

आणि उत्पन्नाची अट बघा. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे माणशी ५ किलो धान्य मिळणाऱ्या घरासाठी, ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार. वर्षाचं. अख्ख्या घराचं! महिन्याला खेड्यात ३,६६७ रुपये आणि शहरात ४,९१७. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर होता दिवसाला ३१२ रुपये. त्या दराने १४१ दिवस काम केलं की ४३,९९२ होतात. आणखी एक दिवस कुदळ मारली की कुटुंब बाद. नवरा-बायको दोघं कामावर असतील तर अडीच महिन्यांतच बाद. शहरातल्या घराचं तर नुसतं खोलीभाडंच ४,९१७ च्या वर जातं, तिथे ही अट कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली?

त्यात उत्पन्नाचा दाखला मागतात मागच्या आर्थिक वर्षाचा. जूनमध्ये कामावरून काढलेल्या माणसाच्या दाखल्यावर गेल्या वर्षीचा पगार दिसतो. भूक आज, कागद कालचा. मग लोक नाइलाजाने चाळीस हजाराचा दाखला काढतात, आणि पुढे अपात्र शोधमोहीम निघाली की चोर ठरतात तेच. खोटं बोलायला भाग पाडणारी अट तशीच राहते.

"धान्य तर फुकट आहे ना?" असं तावातावाने विचारणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. लॉकडाऊनच्या काळात माणशी ५ किलो नेहमीचं आणि ५ किलो जादा मिळायचं. चौघांच्या घरात ४० किलो. त्यातल्या २० किलोला, गहू २ आणि तांदूळ ३ रुपये दराने, पन्नासेक रुपये लागायचे. डिसेंबर २०२२ नंतर जादाचं बंद झालं आणि जानेवारी २०२३ पासून नेहमीचं फुकट झालं. घराचे वाचले पन्नास रुपये आणि गेलं २० किलो धान्य. ते दुकानातून तीस रुपये किलोनेही आणायचं तर महिन्याला ६०० रुपये. ते येतात मुलांच्या दुधातून, डाळीतून, गॅसमधून. सिलिंडर कोपऱ्यात उभा आणि चुलीचा धूर परत घरात, हे कुठल्याही वस्तीत दिसेल.

ज्यांची नावं आहेत त्यांचे हाल वेगळेच. सिमेंट कालवून, विटा उचलून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात, मग रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही. सर्व्हर डाऊन असला की एक रोजंदारी बुडवून परत या. अंगठा लागत नसेल तर ओटीपीने किंवा डोळे स्कॅन करून धान्य द्यायची सोय आहे, ती दुकानदाराने आपणहून सांगायला नको? मशीनची पावती मागून घ्या, त्यावर किती किलो उचललं ते छापलेलं असतं. पाचाऐवजी चार किलो हातात पडलं तर तीच पुरावा.

आणि इष्टांकाचं तोंडी उत्तर ऐकून घरी परतू नका. लेखी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या, नकारही लेखी मागा. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी याच कायद्याने नेमलेला आहे, त्याच्याकडे ती पोच जोडून तक्रार करा. शंभर तोंडी नकारांची कुठे नोंदच होत नाही, आणि मग वर कळवलं जातं की जिल्ह्यात मागणीच नाही.