स्वित्झर्लंडच्या रेल्वेबद्दल फिरणारा तो मेसेज आणि त्यातलं खरं-खोटं

परवा आत्याचा फोन आला. ती आणि काका जूनमध्ये स्वित्झर्लंडला चाललेत, पहिल्यांदाच, टूर कंपनीशिवाय. मुलाने हॉटेलं बुक करून दिलीत आणि फिरायचं ते यांनी आपापलं रेल्वेने. मी सहज विचारलं पास घेतलास का, तर म्हणाली, "अगं पास कशाला, तिकडे तिकीट कोणी बघतच नाही, ग्रुपवर तो मेसेज नाही का वाचलास?" मग मी तो मेसेज वाचला आणि माझं डोकंच फिरलं. मी दोन वर्षं झुरिकजवळ विंटरथूरला राहिले आहे, रोज लोकलने कामाला जायचे, त्यामुळे हे उत्तर लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाहीये. हा मेसेज अजून शंभर काका-आत्यांकडे गेला असणार, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो की स्वित्झर्लंडमध्ये स्टेशनवर गेट नाही, टीसी नाही, सगळं प्रामाणिकपणावर चालतं आणि पर्यटकांना कोणी काही विचारत नाही, वाटलं तर गाडीत बसून तिकीट काढा. शंभर वर्षांत एकही गाडी एक मिनिटसुद्धा लेट नाही, झालीच तर पंतप्रधान टीव्हीवर माफी मागतात आणि सगळे पैसे परत. जगातला सगळ्यात लांब बोगदा यांनी मशिनने तीन वर्षांत खणला, एकही माणूस न दगावता. सगळीकडे बुलेट ट्रेन. सगळी रेल्वे पाण्याच्या विजेवर. स्टेशनवरचं घड्याळ प्रवाशासाठी थांबतं. आणि हे सगळं सरकारने एका झटक्यात केलं, जनतेला विचारत बसले नाहीत. शेवटी अर्थातच "आणि आपण?"

आधी तिकीट, कारण यात माणसाचे पैसे आणि इज्जत दोन्ही जातात.

गेट नाही हे खरं आहे. तुम्ही रस्त्यावरून सरळ प्लॅटफॉर्मवर जाता, कोणी अडवत नाही. पण गेट नाही म्हणजे तपासणी नाही असा अर्थ काढणं हे म्हणजे दार उघडं दिसलं म्हणून घर रिकामं समजण्यासारखं आहे. लांबच्या गाड्यांमध्ये टीसी असतो आणि तो येतोच, झुरिक ते बर्न तासाभराच्या प्रवासात माझं तिकीट कित्येकदा बघितलंय. लोकलमध्ये रोज येत नाही, पण येतो तेव्हा चार-पाच जणांची टीम एकदम चढते, दोन्ही टोकांनी. आणि "गाडीत काढू" हा प्रकार लांबच्या गाड्यांमध्ये डिसेंबर २०११ पासून बंद आहे. तिकीट गाडी सुटायच्या आधी हातात पाहिजे. मोबाइलवर काढलं तर त्यावर काढल्याची वेळ असते, गाडी सुटल्यावर घाईघाईने काढलेलं चालत नाही. पहिल्यांदा सापडलात तर साधारण शंभर फ्रँकचा फटका, म्हणजे आपले नऊ-दहा हजार रुपये सहज, आणि तोही माणशी. दुसऱ्यांदा जास्त, तिसऱ्यांदा त्याहून जास्त, आणि आधी सापडलेल्यांची देशभराची नोंद असते त्यामुळे दुसऱ्या गावात गेलो म्हणजे पाटी कोरी असंही नाही. सेकंडचं तिकीट घेऊन फर्स्टमध्ये बसलात तरी दंड, आणि डब्यावर फक्त १ किंवा २ असा आकडा असतो, गडबडीत चढताना आपल्या लोकांच्या तो लक्षातच येत नाही.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. संध्याकाळची लोकल होती, समोर एक वयस्कर जोडपं, आपल्याकडचंच, बाई साडीवर स्वेटर घालून बसलेल्या. टीम चढली आणि त्यांच्याकडे तिकीट नव्हतं. ते काका परत परत सांगत होते की आम्हाला वाटलं गाडीत मिळेल, आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, आणि तो तपासणारा अगदी शांतपणे, आवाज न चढवता दोघांचे पासपोर्ट घेऊन फॉर्म भरत होता. मी मध्ये पडून बोलले, काही उपयोग झाला नाही. पैशाचं दुःख होतंच पण त्या बाई पूर्ण वेळ मान खाली घालून बसल्या होत्या. आयुष्यात कधी विनातिकीट न गेलेली माणसं ती! अशाच कोणीतरी पाठवलेल्या मेसेजने त्यांना तिथे आणून बसवलं असेल, आणि आता त्याच सीटवर माझ्या आत्याला बसवायचा बेत चाललाय. फॉरवर्ड करणाऱ्याचं काय जातं?

आता उशीर. यात वाद घालायची गरजच नाही कारण एसबीबी, म्हणजे त्यांची सरकारी रेल्वे, स्वतःच दरवर्षी आकडे जाहीर करते. २०२३ साली वेळेवर पोचलेल्या प्रवाशांचं प्रमाण ९२.५ टक्के. म्हणजे शंभरातले सात-आठ जण लेट पोचले, आणि "वेळेवर" याची व्याख्या आहे तीन मिनिटांपेक्षा कमी उशीर. युरोपात हे उत्तमच आहे, मी नाही म्हणत नाही. पण शंभर वर्षांत एकही मिनिट नाही? एसबीबी स्वतः असा दावा करत नाही, मग आपण कोण? २२ जून २००५ ला तर संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी यांची देशभरातली रेल्वे बंद पडली होती, वीजच गेली. साधारण दीड हजार गाड्या आणि दोन लाख माणसं जिथल्या तिथे अडकली. झालं काय तर कामासाठी दोन वीजवाहिन्या बंद ठेवलेल्या, उरलेल्या एकीवर सगळा लोड आला आणि तीही गेली. पंतप्रधानाने माफी मागितली नाही कारण स्वित्झर्लंडला पंतप्रधानच नाही! सात जणांचं मंत्रिमंडळ असतं, त्यातला एकेक जण पाळीपाळीने वर्षभर राष्ट्राध्यक्ष होतो. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंही बघितलं नाही. पैसे परत मिळतात ते पण सगळे नाहीत, तासाच्या वर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के, आणि हा नियमसुद्धा २०२१ पासूनचा.

मुळात त्यांची खरी हुशारी उशीर न होण्यात नाहीये, उशीर झाला तरी माणूस अडकत नाही यात आहे. गाड्या मोठ्या जंक्शनला घड्याळात पूर्ण तास व्हायच्या थोड्या आधी येतात आणि तास झाल्यावर थोड्या वेळाने सुटतात, सगळ्या दिशांच्या, म्हणजे उतरून समोरच्या प्लॅटफॉर्मवर गेलं की पुढची गाडी उभी. एक चुकली तर बहुतेक मार्गांवर अर्ध्या तासात किंवा तासात दुसरी. झुरिक-बर्न ५६ मिनिटांत होतं ते उगाच नाही, तासाच्या आत बसवायचं म्हणून नवा मार्ग बांधला आणि डिसेंबर २००४ मध्ये अख्खं टाइमटेबल बदललं. तिथे गाडी २०० च्या स्पीडने जाते. म्हणजे बुलेट ट्रेनचा मुद्दा इथेच निकालात निघाला, फ्रान्स-जपानसारखी स्वतःची बुलेट ट्रेन यांनी बांधलीच नाही, जंक्शनची वेळ गाठायला लागेल तेवढाच वेग ठेवला. आणि वेळ पाळायला हे कडकही वागतात, जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी सीमेवरच्या बाझेल शहरातच थांबवतात, आतल्या लोकांनी उतरून स्विस गाडी पकडायची, नाहीतर तो उशीर सगळ्या देशात पसरतो.

बोगद्याच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग आला. गोटहार्ड बेस टनेल ५७ किलोमीटर आहे आणि जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा आहे, एवढं बरोबर. बाकी सगळं खोटं. सतरा वर्षं लागली, तीन नाही. १५ ऑक्टोबर २०१० ला दोन्हीकडून खणत आलेली टोकं मिळाली आणि १ जून २०१६ ला उद्घाटन झालं. वर दोन किलोमीटरपेक्षा जास्त उंचीचा डोंगर, आत खडकाचं तापमान ४५ अंशांपर्यंत, आणि मशिन होती तरी साधारण पाचवा हिस्सा सुरुंग लावूनच फोडला. आणि माणसं गेली. नऊ जण गेले. जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेले कामगार. उद्घाटनाच्या वेळी त्यांची आठवण म्हणून फलक लावलाय. त्याच डोंगरातल्या १८८२ सालच्या जुन्या पंधरा किलोमीटरच्या बोगद्यात तर सुमारे दोनशे जण मेले, बहुतेक इटालियन मजूर, ठेकेदार लुई फाव्र स्वतः १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून गेला. १८७५ मध्ये मजुरांनी संप केला तेव्हा गोळीबार होऊन चार जण ठार झाले. ज्या देशात हे घडलं तो देश लपवत नाही, आणि आपण इथे बसून "एकही माणूस न दगावता" असं लिहून त्यांना पुसून टाकतो. कौतुक करायला ही माणसं नकोशी का वाटतात?

आणि बोगदा बांधून झाल्यावरही कटकट संपली नाही. १० ऑगस्ट २०२३ ला मालगाडीचं चाक तुटून डबे घसरले, रुळांची वाट लागली, प्रवासी गाड्या जुन्या डोंगरावरच्या मार्गाने तासभर जास्त घेऊन जात होत्या आणि बोगदा पूर्ण सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला.

विजेचं बऱ्यापैकी खरं आहे, मान्य. जवळजवळ सगळे मार्ग विजेवर आहेत आणि ती वीज बहुतांश पाण्याची, रेल्वेची स्वतःची वीजकेंद्रं आहेत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना म्हणून हे विजेच्या मागे लागले. घड्याळाचंही अर्धं खरं. लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी मारून वर क्षणभर थांबतो, पण तो प्रवाशासाठी नाही, मुख्य घड्याळाकडून मिनिटाचा सिग्नल येईपर्यंत थांबतो, म्हणजे देशभरातली घड्याळं एकत्र पुढे सरकतात. तुमच्यासाठी गाडी थांबणार नाही, पळा.

"जनतेला विचारत बसले नाहीत" हे मात्र शंभर टक्के उलटं आहे. हा देश रेल्वेवर मतदान घेतो! रेल्वे सरकारी करायची का यावर १८९८ मध्ये मतदान, नव्या टाइमटेबलच्या योजनेवर १९८७ मध्ये, आल्प्समधल्या बोगद्यांवर १९९२ मध्ये, त्याच्या पैशावर १९९८ मध्ये, रेल्वेच्या कायमच्या फंडावर २०१४ मध्ये, तेव्हा ६२ टक्के लोक हो म्हणाले. अवजड ट्रकवर टॅक्स लावून त्यातला मोठा वाटा रेल्वेला दिला, तो टॅक्ससुद्धा मतदानाने. लोकांनी आपल्या खिशातून द्यायचं कबूल करून हे उभं केलंय, दशकं घालवून.

आणि "आपण?" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, बोरघाटातून कल्याण-पुणे गाड्या ओढणारी ती जुनी इलेक्ट्रिक इंजिनं, ज्यांना आपले रेल्वेवाले खेकडा म्हणायचे, त्यातली पहिली काही १९२८ च्या सुमारास याच विंटरथूरच्या कारखान्यात बनली होती. ती पुढे कित्येक दशकं आपल्या माणसांनी आपल्या घाटात चालवली.

आत्या, तुझ्यासाठी. स्विस ट्रॅव्हल पास काढ, जितके दिवस फिरणार तितक्याचा हिशोब करून, स्वस्त नाहीये पण रोज तिकीट काढायची धावपळ वाचते. युंगफ्राउयोखला, म्हणजे ते बर्फातलं उंचावरचं स्टेशन, तिथे पास पूर्ण चालत नाही, वरच्या टप्प्याला वेगळे पैसे पडतात, फक्त सवलत मिळते, ते आधीच बजेटमध्ये धर. ग्लेशियर एक्सप्रेस या डोंगरातून जाणाऱ्या पर्यटकांच्या गाडीला पास असला तरी सीटचं रिझर्वेशन वेगळं लागतं. आणि चढताना डब्यावरचा आकडा बघ, २ असेल तिथेच चढा. बाकी काही अडलं तर मला रात्री कितीही वाजता फोन कर.