बाबा, खुरपं घरीच ठेवा

काल बाबांनी डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "येताना कुंडीतलं खुरपं बॅगेत टाकू का गं?" कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. लंडनला वॉपिंगमध्ये थेम्सकाठी 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी' हा पब १५२० पासून जसाच्या तसा उभा आहे म्हणे. तिथे बसून न्यायाधीश जेफ्रीजने समुद्री चाचा कॅप्टन किडची फाशी पाहिली, तो फास अजून लटकतोय, आणि बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरलं की चिखलात किडच्या खजिन्यातली नाणी मिळतात, "कोणी विचारत नाही". मावशीनेही हेच पाठवलंय.

आधी खुरप्याचं. कोणी विचारत नाही हे साफ खोटं आहे. थेम्स सांभाळणाऱ्या पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा नियम स्पष्ट आहे: टेडिंग्टनपासून थेम्स बॅरियरपर्यंत भरती-ओहोटीच्या काठावर काहीही शोधायचं तर परवाना लागतो. खणणं सोडाच, नुसतं वाकून नजरेने शोधायलाही. परवाना असला तरी ३०० वर्षांहून जुनी वस्तू सापडली तर ती कळवावी लागते.

आणि परवान्यापेक्षा मला पाण्याची भीती वाटते. इथे भरती-ओहोटीत सात मीटरपर्यंत फरक पडतो, मुंबईपेक्षाही जास्त. पबच्या बाजूच्या बोळातून पेलिकन स्टेअर्स खाली जातात. खालच्या पायऱ्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ असतं. मी वर उभी राहून पाहिलंय, बघता बघता एकेक पायरी पाण्याखाली जाते. बाबांचं वय ७१, उजवा गुडघा दुखरा. हे लिहिणाऱ्याने कुणाच्या तरी वडिलांचा एवढा तरी विचार करायचा!

बरं, खजिना तिथे असणार तरी कसा? किडने जो पुरला तो न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर. १६९९ मध्ये तो उकरून पुरावा म्हणून लंडनला पाठवला गेला.

जेफ्रीज १६८९ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत मेला. किडला फाशी झाली २३ मे १७०१ ला. बारा वर्षं आधी मेलेला माणूस फाशी बघायला आला कुठून? तारखा शोधायला दोन मिनिटं लागतात.

फास खरंच लटकतो, पण तो अलीकडे पर्यटकांसाठी टांगलेला. चाच्यांना फाशी द्यायची जागा, जुना 'एक्झिक्युशन डॉक', पबच्या पश्चिमेला, वॉपिंग हाय स्ट्रीटच्या बाजूला होता. नेमकी जागा कोणती, यावर तिथले दोन-तीन पब आजही हक्क सांगतात. 'जसाच्या तसा' हेही नाही. मध्ये आग लागली, मग इमारत नव्याने बांधली. पबला व्हिट्बीच्या 'प्रॉस्पेक्ट' या कोळसावाहू जहाजाचं नाव मिळालं तेही त्यानंतर.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. फॉरवर्डच्या शेवटी आहे, की किडने हिंदुस्थानच्या व्यापारातलं जहाज लुटलं होतं. हे खरं आहे. जानेवारी १६९८ मध्ये त्याने केरळच्या किनाऱ्याजवळ बंगालहून सुरतेला निघालेलं 'क्वेडा मर्चंट' पकडलं. त्यावरून मुघल दरबार खवळला आणि त्याची झळ सुरतेच्या इंग्रज वखारीला बसली. चाचेगिरीबरोबर स्वतःच्या तोफखान्यातल्या माणसाला बादली घालून मारल्याचा गुन्हाही त्याच्यावर शाबीत झाला. फाशीच्या वेळी पहिला दोर तुटला, त्याला दुसऱ्यांदा चढवावं लागलं.

बाबा, हे सगळं मी तुम्हाला तिथेच सांगीन. ओव्हरग्राउंड ट्रेनने वॉपिंगला उतरू, हळूहळू चालत जाऊ, नदीकडच्या गच्चीत बसू. गुडघ्याचा पट्टा तेवढा आठवणीने घ्या.