नेत्याला भरतकाम द्यायचंय? मग चेहरा भरू नका

मोठ्या नेत्याला भेट म्हणून त्याचाच चेहरा क्रॉस स्टिचमध्ये भरून, काचेच्या फ्रेममध्ये घालून द्यायची आपल्याकडे हौस फार. कष्ट थोर, निवड चुकीची, असं माझं स्पष्ट मत.

हिशोबच बघा. १४ काउंटच्या मॅटीवर, म्हणजे मोजून भरायच्या जाळीदार विणीच्या कापडावर, इंचाला १४ टाके. आठ इंच रुंद चित्रात ११२ टाके होतात, त्यातला चेहरा जेमतेम ५५-६०. एका डोळ्याच्या वाट्याला दहा-बारा. बाहुली, पापणी, चमक सगळं त्यातच. एक टाका सरकला की साहेब तिरळे! त्वचेला सहा-सात छटा नसतील तर गालावर ठिगळं दिसतात.

१९४७ साली राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात गांधीजींनी काय दिलं? स्वतः कातलेल्या सुताचं जाळीदार विणलेलं वस्त्र, मधोमध 'जय हिंद'. एलिझाबेथच्या आजी राणी मेरींना तो गांधीजींचा पंचा वाटला नि त्या नाराज झाल्या, अशी हकीकत सांगतात. पण ते जपलं गेलं. पुढे राणी एलिझाबेथनी ते पंतप्रधान मोदींना दाखवलंही. २०२२ मध्ये मोदींनी डेन्मार्कच्या पंतप्रधानांना कच्छी भरतकामाचा भिंतपट दिला. तेही बरोबरच.

आपल्या भागातला टाका घ्या. इरकल साडीवरचं कसूती भरतकाम घ्या: गाठ मारायची नाही, धागे मोजून भरायचं, त्यातला गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे. कच्छचं सूफ भरतकाम तर कापडावर न आखता, उलट्या बाजूने मोजून भरतात. बंजारा टाकाही उत्तम.

आता टिकण्याचं. पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा २०१९ पासून ई-लिलाव होतो, पैसा गंगा स्वच्छतेच्या 'नमामि गंगे' योजनेला जातो. म्हणजे तुमची वस्तू दिवाणखान्यात नाही, गोदामात आणि ने-आणीत राहणार. कापड आधी धुऊन आटवून घ्या. लाल-काळा धागा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटला तर तो धागा नकोच. पांढऱ्या कापडामागून गडद धागा ओढत नेऊ नका, समोरून सावली दिसते. फ्रेमच्या पुठ्ठ्याला फेव्हिकॉल तर अजिबात लावू नका, पुढे डाग उमटतात. कापड मागून दोऱ्याने आडवं-उभं ताणून बांधा. काच कापडाला टेकली की दमट हवेत बुरशी धरते, मध्ये पाव इंच फट ठेवा. फ्रेम नसेल तर घडी न घालता नळीवर गुंडाळा, भरलेली बाजू बाहेर.

आणि टाक्याचं, गावाचं, भरणारीचं नाव मागच्या अस्तरावर सुईनेच भरा. चिकटवलेली चिठ्ठी सगळ्यात आधी निघते.