शुगर लपवा म्हणे! आणि क्लेम कोण देणार?

आत्याला मेडिक्लेम घ्यायची आहे, शुगर जुनी आहे. फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज तिने मला पाठवला : 'शुगर-बीपी फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम वाढतो, अर्जही नाकारतात. नवीन नियमाने ५ वर्षांनी कंपनीला क्लेम द्यावाच लागतो. सगळ्यात स्वस्त पॉलिसी घ्या, कव्हर सारखंच असतं. ऑफिसची पॉलिसी असेल तर वेगळी नकोच.' हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी क्लेमचा फॉर्म भरलाय का?

आधी ५ वर्षांचं बघू. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने) २०२४ मध्ये ही मुदत, म्हणजे जिच्यानंतर माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही ती, ८ वर्षांवरून सलग ६० महिन्यांवर आणली, इथपर्यंत खरं. पण त्याच नियमात 'सिद्ध झालेली फसवणूक' हा अपवाद आहे, आणि तो मेसेजमधून बरोबर गाळलाय. औषधं चालू असताना ठरवून 'नाही' वर टिक करणं याला कंपनीचा वकील काय म्हणेल? शिवाय ही ५ वर्षं आजारी न पडण्याची हमी कोण देणार? मध्येच डेंग्यू झाला, ॲडमिट व्हावं लागलं, की पहिला प्रश्न 'शुगर-बीपी आहे का?' तापाने फणफणलेला माणूस खरंच सांगतो. केसपेपरवर 'मधुमेह, ८ वर्षे' असं लिहिलं जातं आणि तोच कागद क्लेमसोबत कंपनीकडे जातो. मग डेंग्यूचा क्लेम अडकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. शुगर लिहिली असती तर शुगरशी निगडित खर्चाला फार तर ३ वर्षं थांबावं लागलं असतं (२०२४ पूर्वी ही मर्यादा ४ होती), डेंग्यूला नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. २००९ च्या प्रकरणात मधुमेह आणि किडनीचा आजार लपवला होता. कंपनीने क्लेम नाकारला तो योग्य ठरला. २०२१ च्या प्रकरणात अमेरिकेला जाणाऱ्या माणसाने प्रवासविमा घेताना मधुमेह लिहिला होता. तिथे पोहोचताच हृदयाचा त्रास झाला, स्टेंट टाकले. कंपनीने हात वर केले, तरी न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. आजार कळूनही पॉलिसी दिली असेल, तर (वर सांगितलेली थांबण्याची मुदत सोडता) पुढे त्याच आजाराकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येत नाही.

प्रीमियम वाढतो, कधी अर्जही फेटाळतात, हे मात्र मान्य करावं लागेल. राग येण्यासारखंच आहे. एकीने नाकारलं तर दुसरीकडे अर्ज करा, तिथेही खरंच लिहा.

'कव्हर सारखंच' हे तर थापच. स्वस्त पॉलिसीत बरेचदा खोलीभाड्याला मर्यादा असते. महागडी खोली घेतली की अनेक पॉलिसींत डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. को-पे असेल तर दर बिलात तुमचा वाटा ठरलेला.

ऑफिसची पॉलिसी चांगलीच, जुने आजारही बहुधा पहिल्या दिवसापासून धरते. पण नोकरी गेली की तीही जाते, आणि साठीत नवी घेताना जुन्या आजारांसाठीचं ३ वर्षांचं घड्याळ शून्यापासून सुरू होऊ शकतं.

आत्याला एवढंच सांगितलं : फॉर्म एजंटला भरू दे, पण पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत बघ. मधुमेहासमोर 'नाही' दिसलं तर फ्री-लूकचे (पॉलिसी तपासून नको असेल तर परत करण्याचे) ३० दिवस आहेत, त्यातच कंपनीला लेखी कळव.