आता पोलिओ आहे कुठं?

पोलिओ रविवारी बूथवर जायला निघाले की गल्लीत कुणी ना कुणी विचारतंच, "आता पोलिओ आहे कुठं, वहिनी? कशाला रविवार घालवताय?"

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात अजून आहे. आपल्याकडं २००९ साली ७४१ रुग्ण होते, २०११ मध्ये फक्त एक, हावड्याची एक चिमुरडी. त्यानंतर आजवर मूळ, नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा एकही नाही. पण हा विषाणू दिसत नाही हीच त्याची खोड. साधारण दोनशे जणांना लागण झाली तर एखाद्याचेच पाय जातात, बाकीचे धडधाकट हिंडत तो पसरवत राहतात. म्हणून एकही पोर सोडून चालत नाही.

आणि सुटतं कोण? ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही ते.

मागं एका मोहिमेत आम्ही करवीर तालुक्यात ऊसतोडीच्या टोळीवर गेलो होतो. दिवसा कोप्यांत, म्हणजे त्यांच्या झोपड्यांत, कुणीच नसतं, सगळे फडात. म्हणून दिवेलागणीला गेलो. आशाताईंकडं यादी होती, नऊ पोरं. नऊ झाली. निघणार तोच त्या थांबल्या, "त्या टोकाच्या कोपीत चूल पेटलीय, बघून येते." आत आठ दिवसांचं बाळ. तिथंच जन्मलेलं, दवाखान्यात नाही की कागदावर नाही. ताईंनी आधी लसीच्या बाटलीवरचा, उष्णतेनं गडद होत जाणारा चौकोन बॅटरीच्या उजेडात निरखला. भोवतालच्या वर्तुळापेक्षा तो फिका हवा, तेवढाच गडद झाला की लस गेली. मग दोन थेंब. डाव्या करंगळीचं नख एवढंसं, की मार्करनं सगळं बोटच काळं झालं. बाळाची आई दिवसभर मोळ्या उचलून आलेली, म्हणाली, "परवा पुढच्या गावाला जाणार, तिथं पण पाजतील नव्हं?"

मला त्या कोपीत जेवढा मान मिळाला, तेवढा शहरातल्या एका मोठ्या अपार्टमेंटच्या गेटवर मिळाला नाही. "आमचे सगळे डोस खासगीत झालेत," म्हणून दार लावलं. वाईट वाटलं, आणि रागही आला. झालेले असले तरी मोहिमेतले थेंब द्यायचेच असतात, बाबांनो. एकाच वेळी सगळ्या पोरांच्या आतड्यात संरक्षण तयार झालं, की विषाणूला राहायला जागा उरत नाही. १९९५ पासून हेच चाललंय आणि त्यानंच पोलिओ गेला. लस शोधणाऱ्यांना सगळे ओळखतात. गळ्यात लसीचा डबा अडकवून उन्हातान्हात दारोदार हिंडणाऱ्या आशाताई, अंगणवाडीच्या बाई, नर्सिंगच्या पोरी, एसटी स्टँडवर गाडीत चढून पोरं शोधणारे स्वयंसेवक, यांनाही तेवढंच श्रेय आहे असं मी ठासून म्हणेन.

तुमच्या रानात टोळी उतरली असेल, शेजारी वीटभट्टी किंवा बांधकाम सुरू असेल, तर गावातल्या आशाताईंना एक फोन करा. किती कोप्या, पाच वर्षांखालची किती पोरं, मुक्काम कधीपर्यंत, एवढं सांगा. आणि संध्याकाळी कितीला माणसं परत येतात, तेही.