कोंदण, काटे आणि साखरेचा पुडा

माझ्या भाच्याचा साखरपुडा ठरलाय. परवा घरी आला तो मोबाईलमध्ये अंगठ्यांचे फोटो घेऊनच. सॉलिटेअर, म्हणजे एकाच हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे, आणि त्यासाठी कर्ज काढायचीही तयारी आहे. एवढं कशाला रे, विचारलं, तर म्हणाला, "आत्या, साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी ही परंपराच आहे ना? तीन महिन्यांचा पगार तरी घालावा म्हणतात." ही 'परंपरा' माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

माझे वडील जडावकाम करायचे. खडे बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अंगठी हातात आली की आधी ती उलटी करून बघायची, ही सवय मला त्यांचीच. खडा नीट बसलाय की नाही ते मागून कळतं.

वाङ्निश्चयाला अंगठी द्यायची चाल मुळात युरोपातली, आणि तिची सुरुवात हिऱ्यापासून फार लांब आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की नियोजित वधूला लोखंडाची अंगठी पाठवतात, तीही बिनखड्याची. लोखंडाची! आपल्याकडे शनीची पीडा टाळायला घालतात तशी. पुढे एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांच्या अंगठ्या आल्या आणि त्या शतकानुशतकं टिकल्या.

हिऱ्याची गोष्ट सांगताना सगळे 1477 सालापाशी थांबतात. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली ते साल. पण हे राजघराण्यातलं लग्न होतं आणि मेरी एका मोठ्या राज्याची वारस होती. त्या काळी युरोपात पोचणारा हिरा बहुतेक आपल्याकडूनच जायचा, त्यामुळे सामान्य माणसाला तो बघायलाही मिळत नसे. शिवाय तेव्हाचा हिरा आजच्यासारखा लखलखतही नव्हता. हिऱ्याला हिऱ्याच्याच भुकटीने घासावं लागतं, म्हणून टोक सपाट करण्यापलीकडे फारसं काही करत नसत. वर तो बंद कोंदणात बसवलेला. आत गेलेला उजेड बाहेर यायचा कुठून? म्हणून त्या काळच्या तैलचित्रांत राण्यांच्या बोटांवरचे हिरे चक्क काळे रंगवलेले दिसतात.

मला सगळ्यात आवडतात त्या इंग्लंडमधल्या पोझी अंगठ्या. साधं सोन्याचं वळं आणि त्यावर कोरलेली एखादी ओळ. आधी ती बाहेरच्या बाजूला, बहुधा फ्रेंचमध्ये असायची. सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत ती इंग्रजीत आली आणि आतल्या बाजूला गेली, बोटाच्या कातडीला लागून. 'वरचा देव आपलं प्रेम वाढवो' अशा अर्थाची एक ओळ तर कितीतरी वळ्यांवर सापडते. म्हणजे सोनाराकडे तयार ओळी असणार आणि त्यांतली एक निवडायची. तरी घालणारीला ती आपलीच वाटत असणार. जगाला दिसायला नुसतं वळं, आत काय आहे ते तिला ठाऊक. अंगठीच्या सगळ्या इतिहासात याहून सुंदर कल्पना मला सापडलेली नाही.

एकोणिसाव्या शतकातली 'रिगार्ड' अंगठीही अशीच मनाची. रुबी, एमरल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा रुबी, डायमंड. इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडली की 'रिगार्ड', म्हणजे आदर, आस्था, हा शब्द तयार होतो. सहा खड्यांत हिरा एकच, तोही शेवटी आणि अक्षरापुरता. 1839 मध्ये राणी व्हिक्टोरियाला अल्बर्टने दिलेली अंगठी तर सापाच्या आकाराची होती आणि तिच्यात पाचू होता.

मग 1867 मध्ये दक्षिण आफ्रिकेत हिरा सापडला. चार-पाच वर्षांत किंबर्लीच्या खाणी सुरू झाल्या आणि हिरे इतके निघू लागले की भाव पडायची धास्ती वाटू लागली. 1888 मध्ये डी बीअर्स कंपनी उभी राहिली ती हा पुरवठा मुठीत ठेवायला. त्याच सुमारास, 1886 मध्ये, न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने खडा कोंदणातून उचलून सहा काट्यांवर उभा केला. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर हिऱ्याला खालून खिडकी मिळाली. आज आपण सॉलिटेअर म्हणून जी अंगठी ओळखतो ती हीच, आणि कारागिरी म्हणून ती मला मनापासून आवडते. माझी तक्रार काट्यांबद्दल नाही.

तक्रार 'परंपरा' या शब्दाबद्दल आहे. 1930 च्या मंदीत हिऱ्यांचा खप बसला, तेव्हा डी बीअर्सने अमेरिकेत एक जाहिरात संस्था नेमली. 'हिरा हा कायमचा' हे वाक्य 1947 मध्ये तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी लिहिलं. पगाराचा हिशोबसुद्धा जाहिरातींतलाच. अमेरिकेत दोन महिन्यांचा, जपानमध्ये तीन. माझ्या भाच्यापर्यंत पोचला तो जपानचा आकडा.

जपानचं उदाहरण मी त्याला मुद्दाम सांगितलं. तिथेही आपल्यासारखीच चाल होती. दोन घरांनी एकत्र यायचं, शुभवस्तूंची देवाणघेवाण करायची. 1967 मध्ये तिथे हिऱ्याच्या जाहिराती सुरू झाल्या तेव्हा लग्न ठरलेल्या शंभर मुलींत पाच जणींनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती. 1981 मध्ये हे प्रमाण साठ टक्क्यांवर गेलं. चौदा वर्षांत! त्यानंतर जन्मलेल्या मुलांना ती परंपराच वाटणार, त्यांचा काय दोष?

आणि आपल्या शब्दात तर अंगठी नाहीच. साखरेचा पुडा आहे. माझ्या आईच्या साखरपुड्यात कुंकू लावलं, साडी दिली, ओटी भरली आणि पुडा हातात ठेवला. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा शब्द हाच ऐवज. अंगठी माझ्या वेळी आली, आणि ती मला हवीही होती. चाली बदलतात, त्या बदलाव्यात. ज्या मुलीला हिरा आवडतो तिने तो जरूर घ्यावा, प्रयोगशाळेत तयार झालेला घेतला तरी तो कार्बनच. पण आवड म्हणून घ्यावा. पंचविशीतल्या मुलाने न दिल्यास कमी प्रेम दिसेल या भीतीने हप्ते डोक्यावर घेतले की माझा जीव तुटतो.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने ते होणाऱ्या बायकोला सांगितलं. मग दोघं मिळून माझ्याकडे आली आणि आजीचं वेढणं मागितलं. माझ्या आईचं, चोख सोन्याचं. ते आटवून दोन वळी करायची आहेत, एक तिला, एक त्याला. चोख सोनं मऊ पडतं, म्हणून थोडी भेसळ करावी लागेल, असं सराफ म्हणाले. आतल्या बाजूला आठ-दहा अक्षरं बसतील म्हणाले.

कोणती अक्षरं, ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही.